मजल्यांचा हिशेब

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या पडल्या. ज्यांच्या तीन-तीन पिढ्यांनी १६० चौरस फुटांच्या एका खोलीत संसार केले, बाळंतपणे केली, मुलांचे अभ्यास घेतले, त्यांना ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळाले. या आनंदात मीठ कालवण्याचा अधिकार कोणालाही नाही. चाळीतल्या सामुदायिक जीवनाचे गोडवे गाणारे बहुतेक लोक चाळ सोडून गेलेले असतात. पहाटे सार्वजनिक शौचालयासमोर रांगेत उभे राहणाऱ्या गृहिणीला त्या गोडव्यांचे काय मोल वाटत असेल, हे तिलाच विचारावे. घर मोठे झाले, स्वच्छ झाले, नावावर झाले, ही निर्विवाद चांगली गोष्ट आहे.

परंतु या चांगल्या गोष्टीच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो केवळ वरळीचा नाही. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक चाळीत ८० खोल्या. आज त्याच भूमीवर चाळीस मजली मनोरे उभे राहिले आहेत. तीन मजल्यांवरून चाळीस मजल्यांवर जाताना समाजाने काय मिळविले, काय गमावले आणि मुख्य म्हणजे ही उंची कोणी व कशाच्या आधारे ठरविली, याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे. कारण वरळीत जे शासनाने केले तेच गिरगावात, लालबागेत, दादरला, ठाण्याच्या नौपाड्यात, पुण्याच्या पेठांत आणि डोंबिवलीत खाजगी विकासक करीत आहेत. मध्यमवर्गीय मराठी माणसाचे राहणीमान येत्या दोन दशकांत कसे असेल, याचा निर्णय मंत्रालयात जितका होत आहे तितकाच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही होत आहे.

घरांची उंची व त्यांतील अंतर यांना नियम असावेत, ही कल्पना साहेबाने शिकविली असा अनेकांचा समज आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गृहवास्तूविषयी स्वतंत्र विवेचन आहे. शेजाऱ्याच्या भिंतीपासून किती अंतर सोडावे, सांडपाणी कोठून न्यावे, पागोळ्या कोठे पडाव्यात, खिडकी कोणत्या बाजूस उघडावी, याचे नियम तेथे आहेत आणि ते मोडणाऱ्याला दंडही आहे. त्यामागील विचार साधा आहे. घर ज्याचे त्याचे असले तरी उजेड, वारा आणि वाट ही सर्वांची असतात. आधुनिक नगररचनेतील सारे उंचीचे नियम याच विचाराचा विस्तार होय.

मुंबईला हा विचार नव्याने आठवला तो प्लेगच्या साथीमुळे. १८९६ च्या साथीत अंधाऱ्या, कोंदट इमारतींतून माणसे पटापट मरू लागली, तेव्हा १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला. या न्यासाचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. खोलीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिल्यास नजरेचा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक होता कामा नये, असा त्याचा आशय होता. गणिताच्या भाषेत सांगायचे तर समोर जितकी मोकळी जागा, तिच्या दुप्पट उंची. तीन मीटर अंतर असेल तर सहा मीटर, दहा मीटर असेल तर वीस. शाळकरी मुलालाही समजेल असा हा नियम होता आणि तो मोडला की नाही हे पाहायला अभियंत्याची गरज नव्हती. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत न्यासाने ज्या वसाहती आखल्या, त्यांतील हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी आजही डोळ्यांना सुखावतात. रुंद पदपथ, दुतर्फा झाडे, दोन-तीन मजल्यांच्या इमारती. एका पिढीने त्या वसाहतीत घडविलेले वाचनालयांचे, व्यायामशाळांचे, उत्सवांचे जग हे त्या आखणीचेही फळ होते, हे विसरता येणार नाही.

पुढे १९६० च्या दशकात मुंबईच्या पहिल्या विकास आराखड्याबरोबर चटई क्षेत्र निर्देशांक आला आणि चर्चेची भाषाच बदलली. उंची आणि निर्देशांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण सामान्य सभासद त्यांत गल्लत करतो आणि काही विकासकांना ती गल्लत सोयीची वाटते. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक दोन असेल, तर दोन हजार चौरस मीटर बांधकाम होईल. ते अर्ध्या भूखंडावर पसरले तर चार मजले होतात, पाव भूखंडावर आटोपशीर उभे केले तर आठ. राहणारी माणसे दोन्हीकडे तितकीच. दुसऱ्या प्रकारात मात्र तीन चतुर्थांश भूमी मोकळी राहते, तिथे झाडे लागतात, मुले खेळतात. म्हणून उंची हीच मुळात वाईट, असे म्हणणे अडाणीपणाचे ठरेल. उंच इमारतीचे सारे समर्थन या मोकळ्या भूमीवर उभे आहे. मुंबईत आणि आता पुण्या-ठाण्यात घडले ते असे की उंची तर मिळाली, भूमी मात्र मोकळी राहिली नाही. तिच्यावर वाहनतळाचे पाच-सात मजले चढले आणि त्यांच्या छपरावर कुंड्या मांडून त्याला उद्यान म्हटले गेले. मनोरंजनासाठी राखायची किमान मोकळी जागा जमिनीवरच असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये सांगावे लागले, यातच सारे आले. ज्या महानगरात माणशी जेमतेम सव्वा चौरस मीटर मोकळी जागा उरली आहे, तेथे ही फसवणूक क्षुल्लक नव्हे.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतही एक चांगला नियम होता. इमारतीसमोरील रस्त्याची रुंदी आणि पुढे सोडावयाची मोकळी जागा यांच्या बेरजेच्या दीडपटीहून उंची अधिक असू नये. नऊ मीटरचा रस्ता आणि तीन मीटरचे अंगण, म्हणजे बारा. त्याची दीडपट अठरा मीटर, म्हणजे सुमारे सहा मजले. हा नियम पाळला गेला असता तर गिरगावच्या गल्ल्यांचे आजचे रूप दिसले नसते. परंतु नियमाबरोबरच त्याला पळवाटाही निघाल्या. सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी ३३ (७), झोपडपट्ट्यांसाठी ३३ (१०), आणि २००९ नंतर समूह विकासासाठी ३३ (९), अशी कलमे ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. प्रत्येक कलमाचा हेतू चांगला होता. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, इमारती कोसळू लागल्या, माणसे मेली. तेव्हा काहीतरी करणे भागच होते. केले काय, तर अधिक निर्देशांकाचे आमिष. १९९९ च्या दुरुस्तीनंतर जितके भाडेकरू अधिक तितका निर्देशांक अधिक, असे समीकरण झाले. रस्ता तोच, गटार तेच, जलवाहिनी तीच आणि इमारतींमधील सामासिक अंतरात सवलत. ज्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की वाहतूक थांबते, त्या गल्लीत पंचवीस मजले चढले. उंची रस्त्यावरून न ठरता भाडेकरूंच्या यादीवरून ठरू लागली.

येथेच मूळ दोष आहे. नियम कडक असोत वा सैल, ते सर्वांना सारखे आणि आधी ठाऊक असले पाहिजेत. ज्या शहरात उंचीची मर्यादा ही अधिमूल्य भरून, सवलत मागून, समितीपुढे फेरी मारून वाढविता येते, तेथे ती मर्यादा राहत नाही, तो दर होतो. आणि दर असला की घासाघीस आलीच. शेजारच्या भूखंडावर काय उभे राहणार हे ज्याला घर घेताना सांगता येत नाही, त्याच्या खिडकीतला उजेड कोणाच्या तरी मर्जीवर असतो.

या मर्जीची परिणती काय होते याची उदाहरणे न्यायालयांच्या निकालांत नोंदली गेली आहेत. मुंबईच्या कंबाला हिलवरील ३६ मजली 'प्रतिभा' इमारतीने चोवीस हजार चौरस फुटांहून अधिक जादा बांधकाम केले आणि तिचे वरचे आठ मजले पाडण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्या निकालाने शहाणपण यावयास हवे होते. परंतु तोवर वरळीच्या कॅम्पा कोला आवारात पाच मजल्यांची परवानगी असताना वीस मजल्यांपर्यंत इमारती चढून बसल्या होत्या. त्यांत माणसे राहायला गेली, मुलांची लग्ने झाली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले अवैध ठरविले. जून २०१४ मध्ये पालिकेने त्या घरांचे वीज-पाणी तोडले, तेव्हा साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर रहिवाशांचे अश्रू पाहिले. ते अश्रू खरे होते. पण बांधणारा विकासक आणि डोळे मिटून घेणारा अधिकारी यांच्या डोळ्यांत पाणी आल्याचे कोणी पाहिले नाही, हेही तितकेच खरे.

नोएडातील जुळ्या मनोऱ्यांचे प्रकरण अधिक बोलके आहे. तेथील वसाहतीत ज्या जागेवर उद्यान दाखवून घरे विकली, तेथेच दोन मनोरे उभारण्यात आले. शेजारच्या इमारतीपासून सोळा मीटर अंतर हवे असता जेमतेम नऊ मीटर ठेवले. तेथील रहिवासी संघाने वर्गणी काढून खटला चालविला, २०१४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला, आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे शंभर मीटर उंचीचे ते मनोरे काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. प्राधिकरणातील अधिकारी व विकासक यांच्या संगनमतावर न्यायालयाने कठोर शब्दांत ताशेरे ओढले. साधी नोकरदार व निवृत्त माणसे एकत्र आली, कागद वाचले, मोजपट्टी लावली आणि टिकून राहिली. मोर्चे, घोषणा, दगडफेक यांपैकी काही करावे लागले नाही. समाजसंघटनेचा याहून चांगला वस्तुपाठ शोधून सापडणार नाही.

याउलट डोंबिवलीचे दुःख. बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडावयास सांगितल्या. त्यांत राहणाऱ्यांनी कर्ज काढले होते, बँकेने ते दिले होते, मुद्रांक शुल्क शासनाने घेतले होते. एवढ्या सगळ्या दारांतून कागद फिरून आला आणि तो खोटा आहे हे कोणत्याच दाराशी कळले नाही! एप्रिल २०१३ मध्ये शिळफाट्याजवळ अवैध इमारत कोसळून ७४ जण दगावले होते, तेव्हाही चौकशीची आश्वासने दिली गेली होती.

उंचीचा दुसरा हिशेब आगीचा आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मुंबई अग्निशमन दलाकडील सर्वांत उंच शिडी नव्वद मीटरच्या आसपास पोहोचते, म्हणजे तीस मजल्यांच्या आत. त्यापलीकडे इमारतीने स्वतःचे रक्षण स्वतःच करावयाचे असते. छतातील पाण्याचे फवारे, आगीसाठी राखीव टाकी, दाब देणारे पंप, धूर न शिरणारे जिने, ठराविक मजल्यांनंतर आश्रयासाठी मोकळी ठेवलेली जागा या सर्वांवर तेथे जीव अवलंबून असतात. कायदा आहे. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार दर जानेवारी व जुलैत यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पण जानेवारी २०२२ मध्ये ताडदेवच्या वीस मजली इमारतीत आग लागून सहाहून अधिक माणसे गेली, तेव्हा तेथील यंत्रणा चालत नव्हती असे अग्निशमन दलानेच सांगितले. ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या ज्या मनोऱ्यात चार जण मृत्युमुखी पडले, त्याला भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते. आणि उंची कमी म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या कमी उंचीच्या इमारतीत तळाशी लावलेल्या वाहनांना व तेथील सामानाला आग लागली आणि किमान सात जणांचा बळी गेला. धूर जिन्यानेच वर चढला. आश्रयाच्या मजल्यावर जुने सोफे, सायकली आणि गणपतीच्या मखराचे सामान रचून ठेवणाऱ्या सोसायट्यांनी या तिन्ही घटनांची कात्रणे सूचनाफलकावर लावावीत.

त्यातून पुन्हा, गल्लीत बंब वळू शकत नसेल तर शिडीची लांबी निरर्थक ठरते. दीड-दोन मीटरच्या सामासिक अंतरातून बंब फिरत नाही. हा साधा निकष लावला, तर जुन्या मुंबईतील अनेक मंजूर नकाशे पुन्हा तपासावे लागतील.

भूकंपाचे भानही मुंबईकर आणि पुणेकर ठेवीत नाहीत. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाचा केंद्रबिंदू कच्छमध्ये होता, पण शेकडो माणसे गेली ती दूरच्या अहमदाबादेत, आणि ती प्रामुख्याने बहुमजली इमारतींत. तळाशी वाहनांसाठी नुसते खांब व वर भिंतींनी भरलेले मजले, ही रचना धक्क्यात तळातून मोडते. आपल्याकडील गेल्या चाळीस वर्षांतील बहुतेक इमारती याच रचनेच्या आहेत. पन्नास मीटरवरील काँक्रीट इमारतींसाठी भारतीय मानक २०१७ मध्ये आले. त्यापूर्वी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींची तपासणी कोण करणार, याचे उत्तर कोणत्याही खात्याकडे नाही.

तिसरा हिशेब पैशाचा. चाळीत जिना चढायला वीज लागत नव्हती. चाळीसाव्या मजल्यावर पाणीही विजेने चढते आणि माणूसही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा काही तास खंडित झाला, तेव्हा उंच इमारतींतील वृद्धांनी ते तास कसे काढले असतील याची कल्पना करता येते. लिफ्ट, पंप, जनित्र, अग्निशमन यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया, सुरक्षारक्षक या सर्वांचा खर्च दरमहा येतो आणि तो कधीच कमी होत नाही. ज्याने आयुष्यभर शे-दोनशे रुपये भाडे भरले, त्या निवृत्त गिरणी कामगाराच्या कुटुंबाला फुकट मिळालेले घर काही हजारांच्या मासिक वर्गणीमुळे विकावे लागते. घर विकून ते कुटुंब बदलापूरला किंवा विरारला जाते. गिरगावातून मराठी माणूस का हटला याची कारणे सभा-संमेलनांतून फार मोठ्या आवाजात सांगितली जातात. त्यांत हे कारण क्वचितच असते. कोणी हाकलून दिले नाही, वर्गणीने हाकलले. पुनर्विकासात विकासकाकडून मिळणाऱ्या ठोक निधीचे व्याज वर्गणीसाठी वापरावयाचे, ही व्यवस्था कागदावर चांगली आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो निधी सभासद आपसांत वाटून घेतात आणि त्यातून गाडी येते.

हा उल्लेख झालाच आहे तर मध्यमवर्गाच्या वाट्याचा दोषही मोजला पाहिजे. विकासकाला शिव्या देणे सोपे असते. उदाहरणादाखल, चार मजल्यांची, वीस घरांची, प्रत्येकी ५०० चौरस फुटांची सोसायटी घ्यावी. एकूण दहा हजार चौरस फूट, म्हणजे मजल्याला अडीच हजार. सभासदांनी दीडपट जागा मागितली तर त्यांच्यासाठीच पंधरा हजार बांधावे लागतील. तो खर्च भरून निघण्यासाठी तितकीच जागा बाजारात विकावी लागेल असे धरले, तर एकूण तीस हजार, म्हणजे त्याच तळावर बारा मजले. वाहनतळ वेगळा. सभासदांनी वीस टक्के वाढीवर समाधान मानले, तर हेच गणित साडेनऊ-दहा मजल्यांवर थांबते. सभेत मात्र जो विकासक अधिक टक्के देतो त्यालाच टाळ्या पडतात. रस्ता किती रुंद आहे, पाणी कोठून येणार, समोरच्या इमारतीचा उजेड जाईल का, हे प्रश्न विचारणाऱ्या वयस्कर सभासदाला 'काका, आता पुरे' म्हणून बसविले जाते. वरचे मजले लोभाने चढतात आणि तो लोभ एकट्या विकासकाचा नसतो.

२०१९ मध्ये राज्य शासनाने स्वयंपुनर्विकासाला उत्तेजन देणारा निर्णय घेतला. सोसायटीने स्वतः वास्तुविशारद नेमावा, कर्ज घ्यावे, बांधकाम करून घ्यावे, ही कल्पना सहकाराच्या मूळ तत्त्वाला धरून आहे. विकासकाचा नफा वजा झाल्यामुळे कमी मजल्यांत काम भागू शकते. ही मोठी संधी आहे. पण वाचलेला सर्व नफा पुन्हा जादा चटई क्षेत्रात घालण्याकडेच बहुतेक सोसायट्यांचा कल दिसतो. त्याच वर्षी पुनर्विकासासाठी लागणारी संमती एक्कावन्न टक्क्यांवर आणली गेली, त्यामुळे शंका विचारणाऱ्या अल्पमताचे बळ आणखी घटले. गती वाढली हे खरे. विचाराला मिळणारा अवधी मात्र कमी झाला.

काही ठिकाणी उंचीची मर्यादा अपरिहार्य कारणांनी येते आणि तेथे राहणाऱ्यांवर अन्याय होतो, त्याचीही दखल घेतली पाहिजे. विलेपार्ले, सांताक्रुझ, कुर्ला येथील शेकडो जुन्या इमारती विमानांच्या उड्डाणमार्गात येतात. विमानसुरक्षेशी तडजोड होऊ शकत नाही. जुलै २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने विमानतळाजवळील ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरील भाग पाडण्यास सांगितले ते योग्यच होते. जुहूच्या लष्करी बिनतारी केंद्राभोवतीची मर्यादा १९७६ पासूनची आहे. पुण्यात शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूंभोवती २०१० च्या दुरुस्तीनुसार शंभर मीटरपर्यंत नवे बांधकामच करता येत नाही आणि त्यापुढील दोनशे मीटरांत दिल्लीच्या प्राधिकरणाची परवानगी लागते. इतिहासाचे रक्षण झालेच पाहिजे, याविषयी या राज्यात दुमत असूच शकत नाही. पण ज्या वाड्याची माती ढासळते आहे, ज्यात मालक आणि सहा भाडेकरू पावसाळाभर जीव मुठीत धरून राहतात, त्याने देशासाठी किंवा इतिहासासाठी दिलेल्या त्यागाची भरपाई देशाने करावयास नको काय? वापरता न येणारा निर्देशांक अन्यत्र विकण्याची मुभा आरक्षित भूखंडांना मिळते. वारसास्थळांसाठीही तशी तरतूद आहे. मग उड्डाणमार्गातील आणि संरक्षित वास्तूंभोवतीच्या साध्या घरांना ती सरसकट व सुलभपणे देण्यास अडचण कोणती? मलबार हिलच्या कमला नेहरू उद्यानातून समुद्र दिसावा म्हणून उतारावरील इमारतींची उंची राखली जाते, ते स्वागतार्ह आहे. पार्ल्याच्या पेन्शनराच्या गळक्या छपराचीही तितकीच काळजी घेतली जावी.

उंचीचे समर्थक सिंगापूरचा दाखला देतात. तेथे सुमारे ऐंशी टक्के जनता शासकीय गृहनिर्माण मंडळाच्या घरांत राहते. जमीन, घरे, रेल्वे, शाळा यांची आखणी एकत्र होते, मग मजले चढतात. विरोधक पॅरिसचा दाखला देतात. १९७३ मध्ये उभा राहिलेला एक दोनशे मीटरचा मनोरा पाहून हबकलेल्या त्या शहराने १९७७ मध्ये सदतीस मीटरची मर्यादा घातली, २०१० नंतर ती सैल केली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू केली. दोन्ही शहरांत ठरले ते उघड चर्चेने व साऱ्या शहरासाठी ठरले. आपल्याकडे भूखंडागणिक ठरते. मुंबईला २०१४ मध्ये मध्य वैतरणा धरणाचे पाणी मिळाले, त्यानंतर एकही नवे धरण नाही. मात्र २०१८ च्या नव्या नियमावलीने निर्देशांक वाढविला आणि २०२० मध्ये उर्वरित महाराष्ट्रासाठी आलेल्या एकत्रित नियमावलीनेही तोच मार्ग धरला. रस्त्याच्या रुंदीशी निर्देशांक जोडण्याचे तत्त्व या दोन्ही नियमावल्यांत आहे, हे नमूद केलेच पाहिजे. ते तत्त्व पुनर्विकासाच्या सवलतींनाही अपवादाविना लागू करावे, एवढे धैर्य शासनाने दाखविले तरी निम्मे काम होईल. अधिमूल्यातून मिळणारा पैसा ज्या प्रभागातून आला त्याच प्रभागातील जलवाहिन्या, गटारे आणि अग्निशमन केंद्रांवर खर्च व्हावा, अशी सक्तीही हवी.

शासन जेव्हा करील तेव्हा करील. तोवर प्रत्येक सोसायटीला आपल्या हातातले काही करता येते. पुनर्विकासाच्या प्रस्तावासोबत चार नोंदी लेखी मागाव्यात. समोरच्या रस्त्याची प्रत्यक्ष मोजलेली रुंदी किती, बंब इमारतीभोवती कोठवर फिरू शकतो, जमिनीवर, वाहनतळाच्या छतावर नव्हे, किती मोकळी जागा उरते, आणि दहाव्या वर्षी मासिक वर्गणी किती असेल व ठोक निधीच्या व्याजातून तिचा किती भाग निघेल. निधी वाटून न घेण्याचा ठराव याच सभेत करावा. सध्या ज्यांच्या सभांच्या सूचना लागलेल्या आहेत, त्या सोसायट्यांच्या विषयपत्रिकेवर चटई क्षेत्राच्या टक्केवारीआधी या चार नोंदी याव्यात.